कसेल त्याचा पट्टा

२०१०च्या ऑगस्टमध्ये मेक्सिको सिटीत 'कॉन्सेहो मुंदियाल दे लुचा लिब्रे' या कुस्ती कंपनीने जगज्जेत्याच्या कमरेला बांधायचे तीन कोरे करकरीत पट्टे पत्रकारांसमोर मांडले. चामडं नवं, धातूची पाटी नवी. वजनगट मात्र जुनेच: वेल्टर, मिडल आणि लाइट हेवी. नावात एकच शब्द वाढला होता, 'इस्तोरिको', म्हणजे ऐतिहासिक. त्याच दिवशी जन्मलेल्या वस्तूला ऐतिहासिक म्हणण्याचं धाडस एरवी फक्त मिठाईच्या दुकानदारांत दिसतं. त्याहून गंमत अशी की ज्या तीन अक्षरांवरून हा सगळा तंटा पेटला होता, ती 'एनडब्ल्यूए' ही अक्षरं नव्या नावातही शाबूत होती.

मराठीत पट्टा कमरेला बांधतात आणि जमिनीचाही असतो. या प्रकरणात दोन्ही अर्थ लागू पडतात, म्हणून मला ते सांगावंसं वाटलं. वाद वरवर कुस्तीचा आहे. आतून तो वहिवाटीचा आहे.

पक्षकार

एका बाजूला ही कंपनी, म्हणजे सीएमएलएल. साल्वादोर लुत्तेरोत यांनी २१ सप्टेंबर १९३३ रोजी 'एम्प्रेसा मेहिकाना दे लुचा लिब्रे' या नावाने ती सुरू केली. आज चालू असलेल्या व्यावसायिक कुस्ती कंपन्यांत ती सर्वांत जुनी. १९५६ साली उघडलेलं अरेना मेक्सिको हे तिचं घर.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेतली नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए. १९४८ साली आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी काही कुस्ती ठेकेदार एकत्र आले, आपापले मुलूख वाटून घेतले आणि सर्वांनी मिळून एकच जगज्जेता मानायचा असं ठरवलं. २०१० साली प्रत्यक्ष मागणी रेटत होती ती तिची मेक्सिकोतली शाखा, आणि शाखेचा प्रमुख होता ब्लू डेमन ज्युनिअर, स्वतः मुखवटाधारी लुचादोर, म्हणजे मेक्सिकन मल्ल. त्याचं म्हणणं साधं होतं. तुम्ही संघटना सोडून वीसहून अधिक वर्षं झाली, तर आमच्या नावाचे किताब आता परत करा.

लुचा लिब्रेतले, म्हणजे मेक्सिकोतल्या व्यावसायिक कुस्तीतले, निकाल आधी ठरलेले असतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. तिथे किताब जिंकणं म्हणजे कंपनीने तुमच्यावर भार टाकणं. मग पट्ट्यावर एवढं भांडण का? निकाल ठरलेला असतो म्हणूनच, असं माझं मत आहे. खऱ्या स्पर्धेत विजेता कोण हे घड्याळ किंवा गुणफलक सांगतो, तिथे वंशावळीची गरज नसते. इथे मात्र 'हा जगज्जेता का?' या प्रश्नाला एकच उत्तर असतं: याने अमुकला हरवलं, अमुकने तमुकला, आणि ती साखळी मागे जात जात अशा नावाशी पोहोचते ज्याच्याबद्दल कुणी शंका घेत नाही. साखळी तुटली की उरतं चामडं.

अक्षरं तीच, धनी वेगळे

मिडलवेट किताबाची साखळी मागे नेली की ती १९३९च्या फेब्रुवारीत येऊन थांबते. अमेरिकेतला नाणावलेला मिडलवेट जगज्जेता गस कालिओ मेक्सिको सिटीत आला आणि ओक्तावियो गाओनाने त्याला हरवलं. किताब सीमेच्या दक्षिणेला गेला तो तिथेच रुजला.

आता तारखा जुळवून पाहा. गाओना जिंकला १९३९ साली. नॅशनल रेसलिंग अलायन्स जन्मली १९४८ साली. मग १९३९च्या किताबावर एनडब्ल्यूए ही अक्षरं आली कुठून? ती आली नॅशनल रेसलिंग असोसिएशनकडून. ही निराळी संस्था, अमेरिकेतल्या मुष्टियुद्ध मंडळाचं कुस्तीतलं अपत्य. आद्याक्षरं जुळली हा योगायोग. पुढे १९४९ साली लू थेझ याच्याकडे दोन्ही संस्थांचे हेवीवेट किताब एकत्र आले, असोसिएशन हळूहळू विरून गेली, आणि तिची अक्षरं न बोलता अलायन्सच्या खात्यावर जमा झाली. लुत्तेरोत यांची कंपनी अलायन्समध्ये गेली ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि जाताना आपले किताब घेऊनच गेली.

म्हणजे २०१० साली 'आमचा पट्टा परत करा' म्हणणारी संघटना त्या पट्ट्याहून नऊ वर्षांनी धाकटी होती. तलाठ्याच्या दप्तरात असा फेरफार दिसला असता तर कुणीही भुवया उंचावल्या असत्या.

अलायन्समध्ये मेक्सिकोकडे हलक्या वजनाचे तीन जागतिक किताब राहिले, यात दोन्ही बाजूंची सोय होती. अमेरिकेतल्या ठेकेदारांना धिप्पाड हेवीवेटवर तिकिटं विकायची होती. मिडल आणि वेल्टर त्यांच्या लेखी दुय्यम. मेक्सिकोत नेमकं उलटं. तिथले मोठे तारे शरीराने आटोपशीर आणि चपळ. मेक्सिकोच्या नियमाने वेल्टर म्हणजे ७० ते ७८ किलो, मिडल ८२ ते ८७, लाइट हेवी ९२ ते ९७. (हे आकडे कागदावर पाळले जातात. काटा नेहमीच आणला जातो असं नाही.) अमेरिकेने जे पडीक म्हणून दिलं, त्यात मेक्सिकोने बागायत केली. लाइट हेवी किताब १९५९ साली जमैकाच्या डोरी डिक्सनकडे आला. पुढे रे मेंदोसा तो पुन्हा पुन्हा जिंकत राहिला.

सांतो, ब्लॅक शॅडो, ब्लू डेमन

या प्रकरणाचा जीव वेल्टरवेट पट्ट्यात आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

१९४६च्या मार्चमध्ये एल सांतोने पीट पँकॉफला हरवून वेल्टरवेटचा जागतिक किताब मिळवला. सांतो म्हणजे रुपेरी मुखवटा, पुढे डझनांवारी चित्रपटांचा नायक, मेक्सिकोत घराघरात माहीत असलेलं नाव. पण त्या काळात तो 'रूदो' होता. लुचा लिब्रेत दोन जाती: नियमाने लढणारे तेक्निको आणि आडदांड, लबाड रूदो. सांतो आधी खलनायक होता हे आजच्या मेक्सिकन पोरांनाही सांगावं लागत असेल.

७ नोव्हेंबर १९५२ रोजी अरेना कोलिसेओमध्ये सांतो आणि ब्लॅक शॅडो मुखवटा पणाला लावून लढले. हरणाऱ्याने मुखवटा काढायचा, आपलं खरं नाव सांगायचं, आणि तो चेहरा पुन्हा कधी झाकायचा नाही. लुचा लिब्रेत याहून मोठी पैज नाही. किताब आज गेला तर उद्या परत मिळेल, मुखवटा गेला तो गेला. ब्लॅक शॅडो हरला. त्याचा जोडीदार होता ब्लू डेमन. दोघं भाऊ म्हणून मिरवत, रक्ताचं नातं नव्हतं. जोडीदाराचा अपमान ब्लू डेमनच्या मनात बसला, किंवा कंपनीने तो बसवला, काहीही म्हणा. तो तेक्निकोंच्या बाजूला आला आणि सांतोच्या मागे लागला.

१९५३च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे वर्ष भरायच्या आत, ब्लू डेमनने सांतोकडून वेल्टरवेटचा पट्टा काढून घेतला. यात त्याचा मुखवटा पणाला नव्हता, सांतोचाही नव्हता. एकमेकांचे मुखवटे ते पुढेही कधी उतरवू शकले नाहीत. त्यामुळे दोघांच्या आयुष्यभराच्या वैरात हा पट्टाच काय तो पुरावा ठरला. सांतोला समोरासमोर हरवून त्याच्याकडून काहीतरी नेलेला माणूस, ही ब्लू डेमनची ओळख त्या रात्रीपासूनची. १९५८ साली कार्लोफ लागार्देने तो पट्टा घेतला आणि वर्षानुवर्षं सोडला नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेल्टरवेट म्हणजे लागार्दे.

अशा लढतींची रीत वेगळी असते. एरवी तिघं विरुद्ध तिघं असा गोंधळ चालतो, दोरांवरून उड्या पडतात. किताबाच्या लढतीत दोघंच, तीनपैकी दोन फेऱ्या, आणि पहिल्या फेरीत बराच वेळ जमिनीवरची पकड. अट्टल रूदोसुद्धा त्या रात्री बऱ्यापैकी सभ्य वागतो. प्रेक्षकही शांत होतात. बाजारात ओरडणारा माणूस देवळात शिरल्यावर आवाज खाली आणतो, तसं काहीसं.

कूळ घराबाहेर

१९७५ साली पहिला तडा गेला. रे मेंदोसासारखे मल्ल आणि प्रवर्तक फ्रान्सिस्को फ्लोरेस बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी कंपनी उभी केली, पुढे यूडब्ल्यूए म्हणून ओळखली गेलेली. नव्या कंपनीला जागतिक किताब हवे होते, पण तिच्याकडे पूर्वज नव्हते. तिने हेवीवेट जगज्जेता म्हणून साठीच्या आसपास पोहोचलेल्या लू थेझला मान्यता दिली आणि १९७८ साली आपल्या एल कानेक या मल्लाकडून त्याला हरवलं. पूर्वज उसने आणता येतात, हे मेक्सिकोतल्या कुस्तीवाल्यांना फार आधी कळलं होतं.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लुत्तेरोत घराण्याची कंपनी अलायन्समधून बाहेर पडली, आणि लवकरच तिने सीएमएलएल हे नवं नाव घेतलं. घर सोडताना भांडी मात्र सोबत नेली: तिन्ही एनडब्ल्यूए किताब तिच्याकडेच राहिले. अलायन्सने तेव्हा हरकत घेतल्याचं दिसत नाही, आणि घेणार तरी कोण? तिचा सर्वांत मोठा सदस्य जिम क्रॉकेट १९८८ साली टीव्ही उद्योगपती टेड टर्नरला कंपनी विकून मोकळा झाला. १९९३ साली टर्नरची कुस्ती कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू अलायन्स सोडून गेली. १९९४च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात शेन डग्लस या मल्लाने एनडब्ल्यूएचा जागतिक हेवीवेट किताब जिंकला आणि तिथल्या तिथे जमिनीवर फेकला.

अमेरिकेत ही अक्षरं धुळीत पडत होती तेव्हा अरेना मेक्सिकोत ती हजारोंच्या गर्दीसमोर लढवली जात होती. १९९३च्या डिसेंबरमध्ये मानो नेग्राला हरवून मिडलवेट किताब घेणारा गोरा पोरगा 'कोरासोन दे लेओन' नावाने लढायचा. जग पुढे त्याला क्रिस जेरिको म्हणून ओळखू लागलं. वर्षभराने उल्तिमो द्रागोन या जपानी मल्लाने त्याच्याकडून तो किताब घेतला. जपानशी ये-जा जुनीच होती. जपानमध्ये 'टायगर मास्क' या गाजलेल्या मुखवट्याचा पहिला धनी होण्याआधी सातोरू सायामानेही हाच मिडलवेट किताब मेक्सिकोत मिळवला होता.

वेल्टरवेट पट्टाही जपानला गेला. १९९६च्या ऑगस्टमध्ये टोकियोत आठ वेगवेगळे हलक्या वजनाचे किताब एकत्र बांधून 'जे-क्राउन' नावाचा महाकिताब केला गेला. नेग्रो कासास वेल्टरवेटचा पट्टा घेऊन त्या स्पर्धेत उतरला होता. स्पर्धा ग्रेट सासुकेने जिंकली. ऑक्टोबरमध्ये ती सगळी मोळी उल्तिमो द्रागोनकडे आली, मिडलवेट त्याच्याकडे होताच, आणि वर्षाच्या अखेरीस डब्ल्यूसीडब्ल्यूचा क्रूझरवेट किताबही त्याने मिळवला. एकूण दहा. ते सगळे अंगावर चढवलेले त्याचे फोटो पाहिले की लग्नात सगळे दागिने एकदम घातलेली नवरी आठवते. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये ती मोळी सुटली आणि वेल्टरवेट पट्टा मेक्सिकोत परतला.

एवढ्या वर्षांत सीएमएलएलने स्वतःच्या नावाचेही जागतिक किताब काढले होते, १९९१पासून. त्यामुळे एकाच घरात दोन-दोन मिडलवेट जगज्जेते नांदत होते, एक सीएमएलएलचा आणि एक एनडब्ल्यूएचा. शिवाय मेक्सिकोचे राष्ट्रीय किताब वेगळेच. त्यांच्यावर मेक्सिको सिटीच्या मुष्टियुद्ध आणि कुस्ती आयोगाचा अधिकार, कंपनीने ते फक्त चालवायचे. १९९२ साली आंतोनियो पेन्या सीएमएलएल सोडून गेले आणि त्यांनी एएए ही कंपनी काढली, तेव्हा काही राष्ट्रीय किताब त्यांच्या मल्लांबरोबर निघून गेले. दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसली की काय होतं, याचा तो धडा सीएमएलएलच्या डोळ्यांसमोर होता. तरीही एनडब्ल्यूएचे तीन पट्टे तिने तसेच ठेवले. मला हा विसराळूपणा वाटत नाही. सीएमएलएलचा जागतिक मिडलवेट म्हटलं की वंशावळ १९९१ला संपते. एनडब्ल्यूए म्हटलं की गाओना आणि कालिओपर्यंत जाता येतं.

मागणी

अलायन्सने दरम्यान एक गोष्ट शिकून घेतली होती: किताब परत घेणं. अमेरिकेतली टीएनए कंपनी २००२पासून एनडब्ल्यूएचे किताब वापरत होती. २००७च्या मे महिन्यात अलायन्सने करार संपवला आणि टीएनएच्या विजेत्यांना किताबांवरून दूर केलं. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २००८ रोजी, मेक्सिको सिटीत ब्लू डेमन ज्युनिअरने ॲडम पिअर्सला हरवून एनडब्ल्यूएचा जागतिक हेवीवेट किताब जिंकला. मुखवटा घालून तो किताब मिळवणारा पहिलाच. जवळजवळ सतरा महिने तो त्याच्याकडे होता.

ज्याच्या हाती हेवीवेटचा मूळ किताब, जो मेक्सिकोतल्या शाखेचा प्रमुख, तो गप्प बसला असता तरच नवल. त्याने सीएमएलएलकडे तीन किताबांचा वापर थांबवण्याची मागणी केली. सीएमएलएल बराच काळ काहीच बोलली नाही. पट्टे लढवले जात राहिले. मुरलेल्या कुळाची हीच रीत असते, नोटीस आली तर नांगर थांबवायचा नाही.

यातली कौटुंबिक गाठ सोडवायला एखादा नाटककार लागेल. ब्लू डेमन ज्युनिअर हा मूळ ब्लू डेमनचा मानलेला मुलगा. वडिलांचं मोठेपण ज्या वेल्टरवेट पट्ट्याने सिद्ध झालं, तो त्यांना लुत्तेरोत यांच्याच कंपनीच्या रिंगणात मिळाला होता. आता मुलगा त्याच कंपनीला सांगत होता की तो पट्टा तुमचा नाही. वडिलांचा मुखवटा त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि वडिलांची रात्र ज्यांच्या दप्तरात नोंदलेली होती, ते समोरच्या बाजूला.

तोड

ऑगस्ट २०१०ची तोड मला हुशारीची वाटते. सीएमएलएलने जुने किताब सोडले. कोर्टकज्जा नाही, आरडाओरडा नाही. त्याच वेळी तीन 'ऐतिहासिक' किताब पुढे केले. मिडलवेटचा जुना विजेता आवेर्नो हाच नव्या पट्ट्याचा पहिला धनी झाला, स्पर्धा-बिर्धा काही नाही. खांदा तोच, फक्त पट्टा बदलला.

इथे प्रश्न विचारायला हवा की सीएमएलएलने नेमकं काय दिलं. एक नाव दिलं, तेही पूर्ण नाही. काय ठेवलं? विजेता, प्रेक्षक, शुक्रवारची रात्र, अरेना मेक्सिको आणि सांगायची गोष्ट. 'इस्तोरिको' हा शब्द मालकी सांगत नाही, तो वहिवाट सांगतो. सात-बारा कोणाच्या नावावर आहे ते आम्हाला माहीत नाही, पण १९३९पासून इथे कसतोय कोण, ते विचारा.

अलायन्सच्या बाजूनेही काही म्हणता येतं, आणि ते म्हणायला हवं. सदस्यत्व सोडलं की चिन्ह सोडावं, हा व्यवहारातला सरळ नियम आहे. सीएमएलएलने वीस वर्षं फुकटात त्या अक्षरांची पत वापरली. पण त्या वीस वर्षांत पत होती कोणाची, यावर सगळं येऊन ठरतं. १९९४ साली फिलाडेल्फियात जमिनीवर पडलेल्या अक्षरांची पत मेक्सिकोने घेतली, की मेक्सिकोत लढल्या गेलेल्या अक्षरांमुळे ती थोडीफार टिकली? माझं झुकतं माप दुसऱ्या बाजूला आहे, आणि निवाडा माझ्या हाती असता तर मी १९३९ची तारीख पुढे करून मोकळा झालो असतो.

मालकी सांगणाऱ्याची स्वतःची गादी किती पक्की, तेही पाहा. २०१२ साली अलायन्सचा कारभार एका वादातून नव्या हातात गेला. २०१७ साली संगीतकार बिली कॉर्गन याने ती विकत घेतली. म्हणजे परत मागितलेल्या पट्ट्यांचा मालक सात वर्षांत दोनदा बदलला. त्या काळात सीएमएलएलचे तीन ऐतिहासिक किताब आपल्या गतीने लढवले जात होते.

दुसरी साखळी

परत गेलेल्या वेल्टरवेट किताबाचं काय झालं, हे बहुतेक लोक विचारत नाहीत. तो छोट्या रिंगणांत फिरला. २०११ साली डॉक्टर सेरेब्रोला हरवून कासांद्रोने तो मिळवला.

कासांद्रो एल पासो-हुआरेसच्या सीमेवर वाढलेला. लुचा लिब्रेत 'एक्सोतिको' म्हणून एक जुना प्रकार आहे: नटूनथटून, बायकी हावभाव करत रिंगणात येणारे मल्ल. पूर्वी बहुतेक वेळा ते हसण्यावारी नेण्याचं पात्र असे. कासांद्रो उघडपणे समलिंगी होता आणि त्याने ते पात्र हसण्यावारी नेऊ दिलं नाही. मुखवटा नाही, फुगवलेले सोनेरी केस, मागे लांबलचक झूल, आणि अंगात कसलेल्या लुचादोरची पकड.

सांतोने पँकॉफकडून घेतलेला आणि ब्लू डेमनने सांतोकडून घेतलेला वेल्टरवेट किताब, अलायन्सच्या हिशेबाने पाहिलं तर, त्या वर्षी कासांद्रोच्या कमरेला होता. सीएमएलएलच्या हिशेबाने तो अरेना मेक्सिकोबाहेर कधी गेलाच नव्हता.